अहिराणीत चित्रपट करायचाय, महामंडळ नेमकी काय मदत करतं?

अमळनेरच्या एका तरुण दिग्दर्शकाने विचारलं आहे: "अहिराणीत पूर्ण लांबीचा चित्रपट करायचा आहे. शूटिंग तापीकाठी, रावेरकडच्या केळीबागांत आणि धडगावच्या डोंगरात. निम्मे पैसे घरचं शेत गहाण ठेवून उभे करतोय, उरलेले महामंडळाच्या अनुदानातून येतील असं धरलंय. महामंडळ नेमकी काय मदत करतं आणि सुरुवात कुठून करू? मालिकांनाही त्यातून काही मिळतं का?"

आधी शेत गहाण ठेवायचं थांबवा. बाकीचं उत्तर त्यानंतर.

मी जळगावचा. वीसेक वर्षं चित्रपट आणि मालिकांचं प्रॉडक्शन सांभाळतोय, म्हणजे परवानग्या, गाड्या, जेवण, जनरेटर, हिशेब आणि शेवटी सरकारी फायली. अनुदानाच्या भरवशावर जमीन अडकवलेले लोक मी जवळून पाहिलेत, म्हणून हे कळकळीने सांगतोय. राज्य सरकारचं अनुदान चित्रपट बनवायला मिळत नाही, बनलेल्या चित्रपटाला मिळतं. चित्रपट पूर्ण करायचा, सेन्सॉरचं प्रमाणपत्र घ्यायचं, कागद जोडून अर्ज करायचा. मग परीक्षण समिती चित्रपट पाहते, गुण देते आणि त्या गुणांवर दर्जा ठरतो. गेली बरीच वर्षं 'अ' दर्जाला ४० लाख आणि 'ब' दर्जाला ३० लाख असा आकडा चालत आला आहे. दोन्हींत बसला नाही तर काहीच नाही. आकडे आणि अटी शासन निर्णयाने बदलतात, तेव्हा अर्जाच्या वेळी चालू असलेला निर्णय स्वतः वाचा. कुणाच्या सांगण्यावर जाऊ नका, माझ्याही नाही.

आता तुमचा हिशेब मांडू. समजा ४० लाख बाजारातून दोन रुपये शेकड्याने उचलले. महिन्याचं व्याज झालं ८० हजार. शूटिंग, एडिटिंग, डबिंग, सेन्सॉर, अर्ज, समिती, मंजुरी आणि पैसे खात्यात, या सगळ्याला दीड वर्ष लागलं असं धरा, आणि हे मी कमीच धरतोय. व्याजच १४ लाख ४० हजार होतं. म्हणजे 'अ' दर्जा मिळूनही एक तृतीयांशाहून जास्त रक्कम सावकाराची. 'ब' मिळाला तर निम्म्याच्या जवळ. आणि दर्जा मिळेलच हे तुम्हाला आज कुणी सांगू शकत नाही. अनुदान हे पुढच्या चित्रपटाचं भांडवल समजा. या चित्रपटाच्या अंदाजपत्रकात जमेच्या बाजूला त्याचा आकडा शून्यच लिहा.

दुसरी गोष्ट. 'महामंडळ' म्हणताना तुमच्या मनात कोणतं महामंडळ आहे? खान्देशातून फोन करणाऱ्या दहा जणांपैकी निम्म्यांचा इथे घोळ असतो. एक आहे महाराष्ट्र चित्रपट, रंगभूमी आणि सांस्कृतिक विकास महामंडळ. ते राज्य सरकारचं, १९७७ साली स्थापन झालेलं, गोरेगावच्या दादासाहेब फाळके चित्रनगरीत बसणारं. सरकारी योजना, चित्रनगरीची जागा, चित्रीकरणाच्या परवानग्या हे त्यांचं काम. दुसरं अखिल भारतीय मराठी चित्रपट महामंडळ. ती निर्माते, कलावंत, तंत्रज्ञ यांची संघटना, मुख्य कार्यालय कोल्हापूरला. चित्रपटाचं नाव नोंदवायला तुम्ही अशा संघटनेकडे जाता. एकाचं काम दुसऱ्याकडे घेऊन गेलात की महिना जातो.

आता फायलीबद्दल, कारण पैसे अडतात ते इथेच. एका निर्मात्याचा चित्रपट खरंच चांगला होता, पण त्याचे पैसे कित्येक महिने अडकले. नावनोंदणी त्याने स्वतःच्या नावाने केली होती, सेन्सॉरचं प्रमाणपत्र प्रॉडक्शनच्या नावाने घेतलं आणि बँक खातं बायको-भावाच्या भागीदारीचं दिलं. तीन कागदांवर तीन निर्माते. कोणताही सरकारी लेखाधिकारी हे पाहून सही करणार नाही, आणि त्यात त्याची चूकही नाही. शेवटी भागीदारीपत्र, हक्क हस्तांतराचा करार, प्रतिज्ञापत्र असं सगळं मागून उभं करावं लागलं. तेव्हा पहिल्याच दिवशी ठरवा की निर्माता कोण. संस्था असेल तर तिचं नाव एकाच स्पेलिंगने सगळीकडे जाऊ द्या: पॅन, जीएसटी, खातं, नावनोंदणी, लेखक-संगीतकारांचे करार, सेन्सॉर, अर्ज. लेखकाशी तोंडी बोलणं झालंय असं सांगू नका. तो लेखक तुमचा सख्खा मावसभाऊ असला तरी स्टॅम्पपेपरवर सही घ्या.

आता तुमच्या प्रश्नातला सगळ्यात नाजूक भाग, अहिराणी.

योजना आहे मराठी चित्रपटांसाठी. सेन्सॉरच्या प्रमाणपत्रावर चित्रपटाची भाषा छापलेली असते. तुमच्या अर्जात भाषेच्या रकान्यात तुम्ही काय लिहिणार? आपण घरात म्हणतो अहिराणी ही मराठीचीच बोली. शाळेत तसंच शिकवलं, सरकारही बोलीभाषांच्या यादीत तिला मराठीसोबत धरतं. पण जनगणनेचं पुस्तक उघडा. तिथे 'खान्देशी' ही मराठीपासून वेगळी भाषा म्हणून मोजली जाते आणि अहिराणी तिच्यात येते. २०११ च्या जनगणनेत खान्देशीची नोंद साडेअठरा लाखांच्या वर आहे. म्हणजे एका सरकारी कागदावर आपण मराठी आहोत, दुसऱ्यावर नाही. चहाच्या टपरीवर हा वाद रंगतो. पण रकाना भरायची वेळ आली की त्याच्यावर लाखो रुपये लटकलेले असतात.

म्हणून शूटिंगच्या आधी दोन पत्रं लिहा. एक सेन्सॉर बोर्डाच्या मुंबई कार्यालयाला: संवाद अहिराणीत आहेत, प्रमाणपत्रावर भाषा काय येईल? दुसरं गोरेगावच्या महामंडळाला: अशा प्रमाणपत्रावर योजनेचा अर्ज ग्राह्य धरणार का? पोच घ्या, उत्तर लेखी घ्या. फोनवर "हो हो, होईल" म्हणणारा माणूस दोन वर्षांनी त्या टेबलावर नसतो.

यावर माझं मत स्पष्ट आहे. हा प्रश्न एकेका निर्मात्याने पत्र लिहून सोडवायचा नाही, योजनेतच त्याचं उत्तर असायला हवं. शेजारी कर्नाटक तुळू, कोडवा, कोकणी चित्रपटांना अनुदान देतं. तुळू आणि कोडवा घटनेच्या आठव्या अनुसूचीत नाहीत, तरी देतं. मंगळूरकडचा तुळू चित्रपट आज आपल्या पायावर उभा आहे तो मुळात प्रेक्षकांच्या जोरावर, पण सरकारने त्याचं नाव घेऊन दार उघडलं याचा आधार असतोच. आपल्याकडे अहिराणी आहे, रावेर-यावलकडे लेवा गणबोली आहे, सातपुड्यात पावरी आणि भिली आहे, शहाद्याकडे गुजरी ऐकू येते. एकट्या खान्देशात इतक्या बोली नांदतात. त्यांची नावं योजनेत लिहिली तर तिजोरीवर फार भार पडणार नाही. पडला तर आनंदच आहे, कारण त्याचा अर्थ तेवढे चित्रपट झाले.

आता महामंडळाची खरी मदत कुठे होऊ शकते ते सांगतो. ती परवानग्यांत आहे. महामंडळाने चित्रपट कक्ष काढला, एक खिडकी पद्धत आणली, ऑनलाइन अर्ज घेतात. त्याचा वापर जरूर करा. पण खिडकी एक असली तरी जागेचे मालक अनेक असतात आणि ते कुणाला विसरता येत नाहीत. मी एकदा विसरलो होतो.

तापीवरच्या एका धरणावर सकाळचा सीन होता. पोलिसांची परवानगी हातात होती, ग्रामपंचायतीचा दाखला होता, तहसीलची पोच होती. साठ माणसं, दोन जनरेटर, पहाटे साडेचारला निघालेलो. भिंतीच्या तोंडाशी पहारेकऱ्याने टॉर्चच्या उजेडात कागद शांतपणे, एकेक ओळ बोटाने धरून वाचला. मग म्हणाला, "साहेब, कागद खरा आहे. पण हा पोलिसांचा झाला. धरण पाटबंधारे खात्याचं आहे." कार्यकारी अभियंत्याचं पत्र आमच्याकडे नव्हतं. सूर्य वर आला, नदीवरचं धुकं गेलं, सीन गेला. त्या माणसाने आपलं काम चोख केलं होतं, चूक माझी होती. त्या दिवसापासून मी प्रत्येक लोकेशनसमोर वहीत पहिला प्रश्न लिहितो: ही जमीन कोणाच्या ताब्यात आहे?

तुमच्या यादीला तोच प्रश्न लावून बघा. केळीबाग खासगी आहे, मालकाशी लेखी करार पुरे. गावातला रस्ता ग्रामपंचायतीचा की बांधकाम खात्याचा, ते बघा. पारोळ्याचा किल्ला किंवा बलसाण्याची मंदिरं घेणार असाल तर ती केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे आहेत, तिथे कलेक्टरचं पत्र चालत नाही. भुसावळला रेल्वेचा सीन असेल तर मध्य रेल्वेच्या मुंबई मुख्यालयाकडे जावं लागतं, स्टेशन मास्तर कितीही ओळखीचा असू दे. पाटणादेवीचा परिसर गौताळा अभयारण्यात येतो आणि यावललाही अभयारण्य आहे. अभयारण्याची परवानगी वन्यजीव विभागाची, आणि ती फाइल नागपूरपर्यंत जाते. तिला वेळ द्या.

धडगावबद्दल वेगळं सांगायला हवं. धडगाव ज्यात येतं तो अक्राणी तालुका आणि अक्कलकुवा हा अनुसूचित, म्हणजे आदिवासी क्षेत्राचा भाग. तिथे १९९६ चा पेसा कायदा लागू आहे आणि ग्रामसभेला मान आहे. वरून परवानगी घेऊन थेट पाड्यावर गाड्या नेऊ नका. आधी जा, कारभाऱ्यांशी बोला, ग्रामसभेसमोर गोष्ट सांगा, काय दाखवणार, काय नाही दाखवणार ते सांगा. काठी गावच्या होळीचे दोन शॉट 'असेच' घ्यायचा मोह सगळ्यांना होतो. ते लोक देवासाठी नाचतात, आपल्या कॅमेऱ्यासाठी नाही. त्यांच्या हो-नाहीचा मान ठेवलात तर पुढच्या वेळी तेच तुमचे बॅटरीचे डबे डोंगरावर चढवतील. हा माझा अनुभव आहे.

ड्रोन उडवणार असाल तर आधी 'डिजिटल स्काय' या सरकारी पोर्टलवरचा, ड्रोन कुठे उडवता येतो ते दाखवणारा नकाशा बघा. भुसावळ आणि वरणगावला आयुध निर्माणी आहेत, जळगावला विमानतळ आहे. त्या पट्ट्यात "एकच मिनिट वर नेतो" असं करू नका.

गोष्टीत लहान मुलं असतील तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. मुलाला दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग तीन तासांच्या वर विश्रांतीशिवाय नाही, सलग २७ दिवसांच्या वर काम नाही, आणि त्याच्या मानधनातला किमान २० टक्के भाग त्याच्या नावाने मुदत ठेवीत टाकायचा. हा नियम मला मनापासून आवडतो. आपल्याकडे मुलाला "हौस म्हणून" उभं करतात आणि आईच्या हातात साडी देतात. तसं करू नका. जनावरं असतील तर शूटिंगच्या आधी जीवजंतू कल्याण मंडळाची परवानगी आणि नंतर त्यांचा ना हरकत दाखला, तो नसेल तर सेन्सॉरला अडता. पोळ्याचा सीन असेलच, खान्देशचा चित्रपट आहे. बैलांचे नियम जास्त कडक आहेत, तेव्हा पटकथा पक्की व्हायच्या आधी लेखी विचारा. नाहीतर चित्रपटाचा कळसच कापावा लागेल.

केळीबागेबद्दल एक सांगतो, हे कोणत्याही योजनेच्या कागदात मिळणार नाही. केळीचा चीक कपड्यावर पडला की आधी दिसत नाही. दुपारपर्यंत तिथे तपकिरी डाग उमटतो. सावद्याजवळ आमच्या नायिकेच्या फिकट पिवळ्या साडीवर तो पडला आणि कंटिन्यूइटीवाली, म्हणजे प्रत्येक शॉटमध्ये कपडे सारखे दिसतात का ते बघणारी पोरगी रडकुंडीला आली. बागेचा मालक म्हणाला, "कपडा फाटेल, पण केळीचा डाग जायचा नाही." बागेतल्या प्रत्येक पोशाखाच्या तीन प्रती ठेवा, आणि घड कापणाऱ्या मजुरांचे कपडे भाड्याने आणू नका, त्यांचेच जुने विकत घ्या. त्यांवरचे डाग खरे असतात. ड्रेसवाल्याने चहा लावून केलेले डाग पहिल्या रांगेतला आपला शेतकरी प्रेक्षक लगेच ओळखतो.

मालिकांविषयीही तुम्ही ओझरतं विचारलंत. वर सांगितलेलं अनुदान चित्रपटांचं आहे, मालिकेला त्यातून काही नाही. मालिकेला हवा असतो तळ: फ्लोअर, राहायची सोय, जनरेटर, आणि मुख्य म्हणजे रोज सकाळी सातला हजर होणारी शिकलेली माणसं. लोक म्हणतात जळगाव मुंबईपासून लांब पडतं. मला हे पटत नाही. कोल्हापूर काय जवळ आहे? तरी तिथे मालिका जातात. कारण तिथे सरकारची चित्रनगरी आहे, आणि त्याहून मोठं कारण म्हणजे बाबूराव पेंटरांच्या काळापासून तिथे पिढ्यान् पिढ्या लाइटमन, सुतार, रंगारी, मेकअपवाले घडले. प्रभात फिल्म कंपनी १९२९ साली तिथेच जन्मली आणि नंतर पुण्याला गेली, पण कारागिरी मागे राहिली. आपल्याकडे सारंगखेड्याचा घोडेबाजार आहे, तोरणमाळ आहे, तापी-पांझरेचा संगम आहे, कापसाची शेतं, केळी, मे महिन्याची ती पांढरी झळ आहे. देखावा भरपूर आहे, कारागीर नाहीत. म्हणून युनिट येतं, आठ दिवस राहतं, सगळी माणसं मुंबईहून आणतं आणि जाताना फक्त लॉजचं बिल देऊन जातं.

महामंडळाने खान्देशासाठी एकच काम करायचं असेल तर माझ्या मते ते हे: जळगाव किंवा धुळ्याला एक छोटं कार्यालय, दोन माणसं, लोकेशनची यादी, तीन जिल्ह्यांतल्या खात्यांचे संपर्क, आणि वर्षातून दोनदा लाइट, साउंड, आर्ट, प्रॉडक्शनचं पंधरा-वीस दिवसांचं प्रशिक्षण. पुण्याची फिल्म इन्स्टिट्यूट २०१७ पासून 'स्किफ्ट' नावाने देशभर छोटे अभ्यासक्रम घेते आहे, तेव्हा हे अशक्य नाही. मुलं तयार आहेत. राज्य नाट्य स्पर्धेच्या जळगाव केंद्रावर जाऊन बघा. दिवसभर नोकरी करून रात्री नेपथ्य ठोकणारी ती पोरं तीन महिन्यांत सेटवर कामाला येतील. मोठी चित्रनगरी बांधा अशी घोषणा ऐकायला बरी वाटते, पण मला आधी ही पोरं शिकलेली बघायची आहेत. भिंती नंतर बांधता येतात.

चित्रपट दाखवायचा कुठे, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण तो येणारच. जीएसटी १ जुलै २०१७ ला आला. त्याआधी राज्यात मराठी चित्रपटाला करमणूक कर माफ होता, तिकीट आपोआप स्वस्त पडायचं. जीएसटीत भाषेवरून सूट नाही. सप्टेंबर २०२५ पासून शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावर कर ५ टक्के झाला आहे, त्याचा फायदा तालुक्याच्या थिएटरला होतो. मल्टिप्लेक्समध्ये मराठी चित्रपटाला प्राइम टाइमचा खेळ देण्याची जी चर्चा २०१५ साली झाली, ती तुमच्या अहिराणी चित्रपटाला फारशी कामाची नाही. तुमचा प्रेक्षक शिरपूर, शिंदखेडा, साक्री, चाळीसगावला आहे. आणि सुरतला! कामाधंद्यासाठी तिकडे गेलेला खान्देशी माणूस अहिराणी ऐकायला आसुसलेला असतो. तिथलं एक थिएटर दोन आठवडे धरता आलं तर बघा.

यूट्यूबवर टाकायला सेन्सॉर लागत नाही, ही गोष्ट आपल्या पोरांनी कधीच ओळखली. अहिराणी गाण्यांना तिथे कोटींत बघणारे मिळाले, लग्नाच्या बँडवाल्यांनी ती गावोगाव नेली, आणि मालेगावच्या लोकांनी तर यंत्रमागाच्या कामातून वेळ काढून अख्खे चित्रपट उभे केले. या कुणाला सरकारी योजनेने विचारलं नाही. हे लोक चित्रपट उद्योगच आहेत. गाणं करून चार घरं चालवणारा पाचोऱ्याचा मुलगा महामंडळाच्या नजरेत यायला हवा, त्याला कॅमेऱ्यासाठी कर्ज, हक्कांच्या कराराचा नमुना, एक चांगला साउंडचा वर्ग मिळायला हवा. तुमच्या चित्रपटाचा संगीतकार आणि कॅमेरामनही मुंबईत शोधण्याआधी याच मुलांत शोधा.

आता तुम्ही या महिन्यात काय करायचं ते सांगतो. भाषेची दोन पत्रं पाठवा. संस्थेचं नाव पक्कं करून खातं उघडा. पटकथा घेऊन लोकेशनची वही करा, प्रत्येक जागेसमोर ताबा कोणाचा ते लिहा. शूटिंग दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत बसवा, मार्चनंतर आपल्याकडे कॅमेराही तापतो आणि माणसंही. पैसे कमी असतील तर गोष्ट लहान करा. धडगावचा भाग खरंच हवा आहे का, की डोंगर सुंदर दिसतो म्हणून घेतला आहे, हे स्वतःला विचारा. वीस मिनिटांचा अहिराणी लघुपट आधी करून गावोगाव दाखवलात तर पूर्ण लांबीच्या चित्रपटासाठी भागीदार त्याच प्रेक्षकांतून मिळतील. वर्गणी काढून तमाशाचे फड आणि भागवत सप्ताह बसवणारी गावं आहेत आपली. वही तयार झाली की जळगावला या, पानं एकत्र बसून तपासू. सातबारा घरीच ठेवून या.